हिशेब ही अमानत आहे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या समारंभाला मला बोलावल्याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी बोलावे, अशी आपल्या चिटणीसांची इच्छा होती. परंतु शिक्षणाचे महत्त्व तुम्हाला पटलेलेच आहे, म्हणून तर तुम्ही मुलांना घेऊन येथे आला आहात. माझे सारे आयुष्य लेखापरीक्षक म्हणून दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेले. तेव्हा मला जे थोडेफार कळते, त्याविषयीच बोलण्याची परवानगी मी मागून घेतली. आपल्या छोट्या सहकारी संस्थांचा पैसा आणि मालमत्ता सुरक्षित कशी ठेवावी, हा माझा आजचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल. पण येथे बसलेल्या बहुतेक घरांत कोणत्या ना कोणत्या पतपेढीचे पासबुक आहे. कुणाचा मुलगा आखातातून पैसे पाठवतो, कुणी आंब्याच्या हंगामाचे चार पैसे ठेवतो, कुणी मुलीच्या लग्नासाठी दरमहा रक्कम भरतो. हा पैसा ज्या वहीत लिहिला जातो, ती वही तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? हात वर करू नका. उत्तर मला ठाऊक आहे.

प्रथम इतिहासातील एक गोष्ट. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावात लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. सावकाराच्या घरातील कागद हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. का? कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, आणि तोच कागद त्यांची जमीन खात होता. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि गावच्या माणसांनी एकत्र येऊन आपली पेढी आपण चालवावी, हा मार्ग खुला झाला. सावकाराच्या घरातली वही आपल्या हातात येणे, हाच माझ्या मते सहकाराचा खरा अर्थ आहे. आता वही आपली आहे, शाळा आहे, अक्षरओळख आहे. तरीही ती वही आपण उघडत नसू, तर आपल्या आजोबा-पणजोबांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

यावर नेहमी एक उत्तर मिळते : "आमचा माणूस प्रामाणिक आहे. त्याच्याकडे हिशेब मागणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे." हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे, आणि एके काळी मीही ते मान्य केले होते. त्याची किंमत कोणी मोजली, ते आज सांगतो.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची हकीकत आहे. गावाचे आणि पेढीचे नाव मी सांगणार नाही. खाडीकाठचे छोटे गाव, अडीचशे-तीनशे सभासदांची पतपेढी. तिचे मानद चिटणीस एक वयस्कर गृहस्थ होते. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. बावीस वर्षे त्यांनी पेढी सांभाळली. पेढीच्या पैशातून कधी चहासुद्धा घेतला नाही. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर लोक त्यांच्या हातात पैसे देत. ते खिशातल्या डायरीत टिपून ठेवीत आणि सवडीने पावत्या करीत. रोकड पेटीत, पेटी त्यांच्या घरी, किल्ली त्यांच्या कमरेला. अध्यक्ष मुंबईस असत, म्हणून त्यांनी कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक चाचांकडे देऊन ठेवले होते.

रमजानच्या महिन्यात एके पहाटे सेहरीच्या वेळी चाचा हृदयविकाराने अल्लाहला प्यारे झाले. चार दिवसांनी पंचांसमक्ष पेटी उघडली. रोजकीर्दीप्रमाणे हातची शिल्लक ४१,३०० रुपये असायला हवी होती. पेटीत निघाले १२,८५०. तूट २८,४५० रुपयांची.

ज्या गावाने बावीस वर्षे त्या माणसाला डोक्यावर घेतले होते, त्याच गावात आठ दिवसांत कुजबूज सुरू झाली. चाचींनी कोणाशी वाद घातला नाही. हातातल्या बांगड्या विकल्या आणि २८,४५० रुपये पेढीत भरून पावती घेतली. आठ महिन्यांनी एक खलाशी बोटीवरून सुटीवर आला. चाचा गेल्याचे त्याला ठाऊक होते, पण मागे काय घडले ते ठाऊक नव्हते. तो सरळ पेढीत आला आणि म्हणाला, "माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या रात्री चाचांनी मला पंचवीस हजार दिले होते. कागद नंतर करू म्हणाले. ते फेडायला आलोय."

पंचवीस हजार पेढीने चाचींना परत केले. बांगड्या मात्र परत आल्या नाहीत. आणि उरलेल्या ३,४५० रुपयांचे उत्तर आजपर्यंत कोणाला मिळालेले नाही. डायरीतून लिहायचे राहिले असतील, कुणा गरजूला दिले असतील, मोजण्यात चुकले असतील. सांगणारा माणूसच राहिला नाही.

आता माझा कबुलीजबाब. त्याआधी लागोपाठ दोन वर्षे त्या पेढीची तपासणी मीच केली होती. बेरजा तपासल्या, खतावणी तपासली. रोकड मात्र मोजली नाही. चाचांच्या ओटीवर चहा घेतला, त्यांनी सांगितलेला आकडा लिहिला आणि खाली सही केली. इतक्या भल्या माणसाला पेटी उघडा म्हणायला जीभ रेटली नाही. पुढे मी सांत्वनाला गेलो, तेव्हा चाची एवढेच म्हणाल्या, "भाई, तुम्ही दरसाल येत होता ना? मग पेटी का नाही उघडलीत?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. तपासणी ही चोरासाठी नसते. चोर पळवाट शोधतोच. तपासणी असते ती प्रामाणिक माणसासाठी, त्याच्या मागे त्याच्या बायकामुलांना खाली मान घालून उभे राहावे लागू नये म्हणून.

आपल्या दीनची शिकवण याहून वेगळी नाही. सूरह अल-बकरामधील २८२वी आयत ही कुराण शरीफमधील सर्वांत मोठी आयत. तिचा विषय कोणता? देण्याघेण्याची लिखापढी. मुदतीचे कर्ज असेल तर ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास पोचू नये, हेही तिच्यात बजावले आहे. आणि हा आदेश बेइमानांना उद्देशून नाही, तो ईमानवाल्यांना उद्देशून आहे. हदीसमध्ये जकात वसूल करून आणलेल्या एका माणसाची हकीकत आहे. हा माल तुमचा आणि ही मला मिळालेली भेट, असे तो म्हणाला. पैगंबरसाहेबांनी (स.) त्याचा हिशेब घेतला, आणि घरी बसून राहिला असतास तर ही भेट मिळाली असती काय, अशा अर्थाचा प्रश्न केला. जिथे खुद्द त्यांनी हिशेब मागितला, तिथे आपण हिशेब मागायला लाजावे, हे कोणते शिष्टाचार?

भाषेकडे पाहा. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, ऐवज, जामीन, तसलमात हे शब्द मराठी वहीत अरबी-फारसीतून आले. आणि पेढीच्या ताळेबंदात आपण जो 'अनामत' शब्द वाचतो, तो 'अमानत' याच शब्दाचे मराठी रूप आहे. व्याजाचा प्रश्न आजचा माझा विषय नाही. पेढी व्याजी असो वा बिनव्याजी, अमानतीचा नियम दोघींना एकच.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. मोठ्या बँकेत यासाठी स्वतंत्र खाती असतात. आपल्या पेढीत एक चिटणीस, एक कारकून आणि संध्याकाळी येणारे दोन-तीन संचालक. तेवढ्यांतही हे जमते.

मूळ तत्त्व असे की पैशाचे एक काम चार तुकड्यांत वाटावे. खर्चाला वा कर्जाला मंजुरी देणारा एक, पैसे हाताळणारा दुसरा, वही लिहिणारा तिसरा आणि पडताळणारा चौथा. माणसे कमी असतील तर दोन कामे एकाकडे गेली तरी चालतील, पण पैसे हाताळणारा आणि ते पडताळणारा हे दोघे एक असता कामा नयेत. चाचांकडे ही चारही कामे होती. आम्ही त्याला त्यांचा मोठेपणा म्हणत होतो. खरे पाहता तो आमचा आळस होता.

दुसरी गोष्ट पावतीची. पावती पुस्तकाला छापील अनुक्रमांक हवेत, स्थळप्रत हवी. पैसा हातात आला की त्याच जागी पावती, मग ती मशिदीची पायरी असो वा एस.टी.चा थांबा. रद्द झालेली पावती फाडून फेकायची नाही. ती रद्द असा शेरा मारून पुस्तकातच चिकटवायची. किती पुस्तके छापली आणि कोणते कोणाकडे दिले, याचीही एक नोंदवही असावी.

तिसरी गोष्ट रोकडीची. रोज संध्याकाळी रोजकीर्द बंद करावी, नोटांचा तपशील लिहून शिल्लक मोजावी आणि दोघांनी सही करावी. पोटनियमात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम पेटीत न ठेवता बँकेत भरावी. आणि महिन्यातून एकदा, आधी न कळवता, एखाद्या संचालकाने येऊन पेटी मोजावी. हे पहिल्यांदा केले तर अपमान वाटतो. दर महिन्याला केले तर रिवाज होतो, आणि रिवाजाचा कोणाला राग येत नाही.

चौथी गोष्ट बँकेची. धनादेशावर दोन सह्या असाव्यात आणि दुसरी सही करणाऱ्याने व्हाउचर पाहिल्याशिवाय पेन उघडू नये. आपल्या पणजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे उठवून जमिनी घालवल्या. आपण शिकलेले लोक कोऱ्या धनादेशावर झोकदार सही करतो. दोन्हींत फरक फक्त शाईचा. दर महिन्याला बँकेचा उतारा आणि आपली वही शेजारी ठेवून ताळमेळ पत्रक करावे. हे काम वही लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावे.

पाचवी गोष्ट मालमत्तेची. इकडे तर कोणाचेच लक्ष नसते. टेबल, कपाट, पंखे, वजनकाटा, शिवणयंत्रे, संगणक या सर्वांची डेडस्टॉक नोंदवहीत नोंद हवी : कधी घेतले, किती किमतीला, बिल क्रमांक काय, सध्या कुठे आहे. प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक टाकावा. कोणी वापरायला नेली तर सही घ्यावी. लग्नाला दिलेल्या जमातीच्या डेगी आणि सतरंज्या परत येताना किती कमी होतात, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको! मोडकी वस्तूही ठरावाशिवाय काढू नये. तिची विक्री भाव मागवून करावी आणि रक्कम वहीत जमा दिसावी.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक गणित. समजा तुमच्या शाळेत विद्यार्थी ग्राहक भांडार आहे. जूनमध्ये १२० वह्या शिल्लक होत्या, नंतर ६०० वह्या घेतल्या. एकूण ७२०. बिलांप्रमाणे ६५५ विकल्या. शिल्लक ६५ हव्यात. कपाटात मोजल्या तर ५८ भरल्या. सात वह्या कमी. एका वहीचे ४० रुपये धरले तर तूट २८० रुपयांची. आता लगेच कोणाला चोर ठरवायचे काय? नाही. व्यापाऱ्याने गठ्ठा कमी दिला असेल आणि आपण तो न मोजताच घेतला असेल. कुणाला उधार दिल्या असतील, पावसात भिजल्या असतील, बिल करायचे राहिले असेल. पण कारण शोधायचे आणि ते लिहून ठेवायचे. सात वह्यांचा शोध ज्याने जूनमध्ये घेतला, त्याच्यावर मार्चमध्ये सत्तर वह्यांचा शोध घेण्याची पाळी येत नाही. मोजदाद मात्र कपाटाची किल्ली ज्याच्याकडे नाही, अशा दोघांनी करावी.

आता काळ बदलला आहे. पैसे फोनवरून येतात, वही संगणकात गेली आहे. पण तत्त्व तेच. पेढीच्या भिंतीवर लावलेला क्यूआर कोड पेढीच्याच बँक खात्याचा आहे ना, की चिटणीसांच्या स्वतःच्या फोनचा, हे एकदा पैसे पाठवून नाव वाचून पाहा. संगणकाचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असेल, तर ती पेटीची किल्ली दारावर टांगण्यासारखीच गोष्ट आहे. संगणक खोटे बोलत नाही, असे म्हणतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी सुमारे २१ हजार बनावट खाती दाखवल्याचे त्या प्रकरणात पुढे आले. संगणकही त्याला जे सांगाल तेच सांगतो.

येथे पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतपेढीच्या ठेवींना मात्र हा विमा लागू नाही. म्हणजे पतपेढीत ठेवीदाराचे पहिले संरक्षण म्हणजे तिची स्वच्छ वही आणि सभासदांचा जागता डोळा.

कायद्याने तो डोळा तुम्हाला दिलेला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत, विनामूल्य पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. कलम ८१ प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण झालेच पाहिजे, आणि कलम ८२ प्रमाणे त्यात निघालेल्या दोषांची दुरुस्ती करून तसा अहवाल द्यावा लागतो. कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्यातील किमान एक चतुर्थांश रक्कम राखीव निधीत जावी लागते. आर्थिक वर्ष संपल्यानंतर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. त्या सभेला आपण जातो, पण अहवाल वाचून झाल्याचे समजून 'मंजूर, मंजूर' म्हणतो आणि नाश्त्याकडे वळतो.

यंदा तसे करू नका. उभे राहून तीनच प्रश्न नम्रपणे विचारा. गेल्या वर्षभरात रोकड न कळवता किती वेळा मोजली आणि कोणी? मागील लेखापरीक्षणातले दोष कोणते होते आणि त्यांची दुरुस्ती झाली का? थकबाकी किती आहे आणि तीत संचालकांच्या व त्यांच्या नातलगांच्या कर्जांचा वाटा किती? जो चिटणीस या प्रश्नांची उत्तरे हसतमुखाने देईल, त्याला दुआ द्या. जो रागावेल, त्यालाही रागाने बोलू नका. प्रश्न मात्र इतिवृत्तात लिहून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुम्हाला बक्षिसे मिळाली. तुमच्याकडे मी एक भेट मागतो. घरी गेल्यावर अब्बा-अम्मीच्या पेढीचा छापील अहवाल काढा आणि ताळेबंद त्यांना वाचून दाखवा. देणी कोणती, येणी कोणती, हातची शिल्लक किती, ते समजावून सांगा. अडेल तेथे आपल्या शिक्षकांना विचारा. सुप्याच्या शेतकऱ्याला जो कागद वाचता येत नव्हता म्हणून जाळावा लागला, तो तुम्ही वाचलात, तर या संस्थेने खर्च केलेला प्रत्येक रुपया वसूल झाला, असे मी समजेन.

त्या पेढीची तपासणी मी पुढेही एकदा केली. नवा चिटणीस तरुण होता. मी ओटीवर बसण्याआधीच त्याने पेटी माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाला, "साहेब, आधी हे मोजा. चहा नंतर." मी मोजले. पैसा न पैसा जुळला. मग आम्ही चहा घेतला.

आपल्या सर्व संस्थांना असे चिटणीस आणि असे सभासद लाभोत, एवढीच अल्लाहपाशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.